टाळेबंदी आणि चूल



मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीसाठी महाराष्ट्रात जो कायदा लागू झाला, तो १८९७ सालचा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला, तेव्हा परक्या सरकारने तो घाईने केला. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर माजघरा-देवघरापर्यंत शिरले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ती त्याच संतापातून.

या कायद्याची मूळ कलमे अवघी चार. सरकारला अधिकार, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्याला संरक्षण, एवढे त्यात आहे. ज्याचा रोजगार बुडतो त्याच्या चुलीविषयी मात्र अक्षरही नाही.

ही उणीव आपण २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिली. निर्बंध लोकांनी पाळले. त्या आषाढीला संतांच्या पादुकासुद्धा एस.टी.ने पंढरीस गेल्या. पण पगारदार घरी बसू शकला, आणि हातावर पोट असलेला मजूर मुंबई-पुण्याहून गावाकडे पायी निघाला. फुकट धान्य निघाले खरे. परंतु ज्यांची शिधापत्रिका गावी राहिली होती, अशा अनेकांच्या पदरात ते पडले नाही.

साथीत निर्बंध हवेतच, याबद्दल आमचा वाद नाही. आमचे मागणे एवढेच, की दार बंद करण्याचा हुकूम ज्या कायद्याने निघतो, त्याच कायद्याने घरातला शिधाही बांधून द्यावा. हक्काने मिळाले तर ते अन्न. मर्जीने मिळाले तर ती भीक होय.