कुबूल म्हणण्याआधी

1985 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा कोल्हापूरहून आपल्या नागपूरकडे निघाला होता. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. पण कायदा आठवतो तो घर मोडताना. घर टिकतं ते रोजच्या वागण्यावर.

निकाह हा करार आहे. मग मेहरची रक्कम किती, ती कधी द्यायची, मुलीचं शिक्षण-नोकरी चालू राहील का, हे निकाहनाम्यात आधीच लिहा. मुलीची मर्जी तिलाच विचारा. घरात अम्मीचं मत विचारलेलं पाहणारा मुलगा उद्या मोहल्ल्यातही दुसऱ्याचं ऐकून घेतो. म्हणून सांगतो, मोमिनपुरा असो की ताजबाग, घरात निकाह ठरला की तो कागद आधी वाचायला मागा.