चित्राखाली नाव लिहा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



प्रकल्पवहीत चित्रे चिकटवणे आता नित्याचे झाले आहे. चित्र मोबाइलवर सापडते, दुकानात त्याची प्रिंट निघते आणि खाली ‘स्रोत : गूगल’ असे लिहिले की काम संपले! पण मित्रहो, गूगल चित्र काढत नाही. ते केवळ शोधून दाखवते. लेखकाचे नाव सोडून कपाटाचे नाव लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्येक छायाचित्रामागे माणूस असतो. मुरूडचा जंजिरा टिपण्यासाठी कोणीतरी होडीत बसलेला असतो, योग्य उजेडाची वाट पाहत थांबलेला असतो. त्या श्रमांवर त्याचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याला देते. वर्गातील अध्यापनासाठी कायद्यात काही सवलत आहे. परंतु स्मरणिका छापताना ती गृहीत धरू नये.

मग साध्या शाळेने चित्रे आणावीत कोठून? अनेक छायाचित्रकार आपले काम स्वखुशीने सर्वांना वापरू देतात. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ साली तयार परवाने उपलब्ध करून दिले. २००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर आज दहा कोटींहून अधिक चित्रे, नकाशे व इतर फाइली आहेत. पैसे पडत नाहीत. मात्र अटी पाळाव्या लागतात.

विद्यार्थ्यांनो, चित्र उतरवून घेण्यापूर्वी त्याच्या पानावरील परवाना वाचा. ‘बाय’ म्हणजे निर्मात्याचे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे चित्रात बदल करून ते इतरांना दिलेत, तर त्याच परवान्याखाली द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदललेले चित्र प्रसिद्ध करू नका.

नंतर चित्राखाली चार गोष्टी लिहा : चित्राचे शीर्षक, निर्मात्याचे नाव, चित्र कोठून घेतले ते ठिकाण आणि परवाना. चित्र कापले किंवा रंग बदलला असेल, तर तेही नमूद करा. काही चित्रे ‘सीसी शून्य’ परवान्याची असतात. तेथे नावाची सक्ती नसते. तरीही नाव लिहावे, असे मी माझ्या वर्गात सांगतो. सवय महत्त्वाची.

पालकहो, ही बाब क्षुल्लक समजू नका. आज दुसऱ्याचे चित्र बिननावाने चिकटवणारा मुलगा उद्या दुसऱ्याचा निबंध स्वतःच्या नावावर खपवील. शिवाय आपली मुलेही आज मोबाइलने सुरेख छायाचित्रे काढतात. आपल्या मुलीचे छायाचित्र कोणी तिचे नाव पुसून छापले, तर आपल्याला काय वाटेल?

म्हणून विनंती एवढीच, की मुलाची वही पाहताना गुण नंतर विचारा, आधी चित्रावर बोट ठेवून विचारा, “बाळ, हे कोणाचे?” उत्तर त्याच्यापाशी असेल, तर त्याचे शिक्षण योग्य मार्गावर आहे असे समजा.