शितावरून भाताची परीक्षा



 आपल्या पुण्यात गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, त्यामुळे तपासणीचं महत्त्व इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मी भोसरीत बॅटरी पॅक जोडतो. एका स्कूटरच्या पॅकमध्ये दोनेकशे सेल बसू शकतात. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, आणि आमच्या धंद्यातही तेच चालत आलंय. लॉटमधले चार सेल काढायचे, एकात खिळा घुसवायचा, एक चिरडायचा, एक उघडून बघायचा. तपासलेले सेल भंगारात जातात, आणि गाडीत बसतात ते न तपासलेले. ही गोष्ट मला कित्येक वर्षं खाते आहे.

२०२१मध्ये जनरल मोटर्सने बोल्ट या इलेक्ट्रिक मोटारीच्या सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर क्वचित एखाद्याच सेलमध्ये अॅनोडचा टॅब फाटलेला आणि सेपरेटर दुमडलेला, असे दोन दोष एकत्र आले होते. नमुन्याचे चार सेल असा दोष कसा पकडणार? पुढच्याच उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर स्कूटर पेटल्या आणि एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक झाले. ते हवेच होते. पण मंजुरीची चाचणीही शेवटी नमुन्यावरच होते.

म्हणून सेल न फोडता आत बघायला हवं. माझी आजी माठ घेताना टिचकी मारायची. आवाज बद्द आला की माठ परत. अल्ट्रासाउंड असंच काम करतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजलेल्या थरांतून लहर पार जाते. वायू धरला असेल किंवा थर कोरडा राहिला असेल, तिथे ती अडते. एक्स-रेमध्ये कडा दिसतात. अॅनोड कॅथोडच्या किंचित पुढे असावा लागतो. तो मागे राहिला तर चार्जिंगच्या वेळी काठावर लिथियम धातू साचू लागतो. आणि सगळ्यांत साधी, सगळ्यांत सोशिक तपासणी म्हणजे सेल लोणच्यासारखे दिवसच्या दिवस मुरत ठेवायचे आणि कुणाचं व्होल्टेज इतरांपेक्षा चार मिलिव्होल्ट जास्त उतरलं ते बघायचं.

अडचण वेळेची आणि पैशाची आहे. बारीक तपशिलाच्या सीटी स्कॅनला कित्येक मिनिटं लागतात, लाइनवर सेल मात्र सेकंदांत पुढे सरकतो. शिवाय आमच्यासारख्या लहान कारखान्याला ते यंत्र परवडत नाही. चाकण-भोसरीतल्या आम्हा सगळ्यांना भाड्याने वापरता येईल असं एक सामायिक तपासणी केंद्र कसं उभं राहील, यावर या परिषदेच्या दोन दिवसांत ठोस बोलावं, ही माझी कळकळीची विनंती.

मागच्या टेबलावर आमच्याकडे नापास झालेले सहा सेल आणि त्यांचे स्कॅन मांडले आहेत. बाहेरून सहाही नवेकोरे दिसतात. चहाला जाताना ते हातात घेऊन बघा, आणि स्कॅनमध्ये आमच्या नजरेतून काही सुटलं असेल तर मला तिथेच सांगा.