संसदेतील एक दिवस आणि आपला प्रश्न
(मांजलपूर, बडोदे येथे मराठी बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी गोव्यातल्या अंत्रुज महालातील एका देवळाच्या गावचा शाळामास्तर. अध्यापनाची पदविका घेतली आणि हातात खडू आला, तो अजून सुटलेला नाही. मी पुढारी नव्हे. म्हणून आज मी भाषण करीत नसून तास घेत आहे असे समजा. विषय आहे, लोकसभेचा एक दिवस आणि त्यात आपल्यासारख्या थोडक्या लोकांची जागा.

हा विषय मांजलपुरात कशासाठी? सांगतो. ३० एप्रिल १९६० पर्यंत बडोदे द्विभाषिक मुंबई राज्यात होते. संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि १ मे रोजी दोन राज्ये झाली. येथला मराठी माणूस घरातून हलला नाही, पण सकाळी उठला तो भाषिक अल्पसंख्याक म्हणून! आमच्या गोव्याचेही भवितव्य त्याच सभागृहातून गेले. १९६६ साली संसदेने जनमत कौलाचा कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी आमच्या वडीलधाऱ्यांनी फूल की दोन पाने असा कौल दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने आमची बाजू हरली. दुःख झाले, पण कौल तो कौल. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, तेही संसदेच्याच कायद्याने. आम्हांला निदान विचारले तरी. तुम्हांला कोणी मतपेटी दाखवली नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा संसद ठरवते. विधानमंडळाचे मत मागवते, पण ते तिच्यावर बंधनकारक नसते. जेथे आपला नकाशा आखला गेला, तेथे दिवसभर काय चालते हे आपण जाणले पाहिजे की नाही?

चला तर. सकाळचे अकरा वाजतात आणि प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाला वीस तारांकित प्रश्न असतात, म्हणजे तोंडी उत्तराचे. त्यांतले पाचसहाच बहुधा तासात पुरे होतात. मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न विचारता येतात आणि खरी गंमत तेथेच असते. लेखी उत्तर आणलेला मंत्री उपप्रश्नाला अडखळतो तो आमच्या पाठांतर करणाऱ्या पोरासारखा! अतारांकित प्रश्नांना छापील उत्तर मिळते. असे दिवसाला २३० पर्यंत असतात. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न आधी, ते सोडतीने ठरते. सोडतीला लहान प्रांत, मोठा प्रांत ठाऊक नसतो. ५४३ मतदारसंघांत गोव्याचे दोनच. पण सोडतीत आमच्या दोघांची चिठ्ठीही इतरांच्या चिठ्ठीएवढीच असते.

बारा वाजता सभागृहाच्या पटलावर कागदपत्रे ठेवली जातात. मग येतो शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हे नाव सापडायचे नाही, पण प्रांतोप्रांतीची गाऱ्हाणी येथेच ऐकू येतात. कोठे गाडीला थांबा हवा, कोठे नदीच्या पाण्याचा तंटा. आमच्या म्हादईचेच पाहा. लवाद नेमला गेला २०१० मध्ये, निवाडा आला २०१८ मध्ये, आणि वाद अजून वाहतोच आहे. पुढे नियम ३७७ खालील निवेदने, त्यानंतर विधेयके. शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. त्यांची चौदाच विधेयके आजवर कायदा झाली, शेवटचे १९७० साली. म्हणून सामान्य सदस्याचे खरे हत्यार प्रश्न हेच आहे. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महामारीचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला, तेव्हा त्याची किंमत कळली.

आता मास्तर म्हणून एक सांगतो. प्रश्न कसा असावा याचे नियम आहेत. साधारणतः दीडशे शब्दांहून लांब नको. त्यात वाद नको, तर्क नको, टोमणा नको, कोणावर आरोप नको. आपण मराठी माणसे टोमण्यावाचून बोलत नाही, म्हणजे पहिल्याच परीक्षेत नापास! न्यायालयात असलेला विषयही चालत नाही. बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा सीमाभागाचा प्रश्न निघाला की बाब न्यायप्रविष्ट आहे, हे उत्तर ठरलेलेच. पण चिकाटी फुकट जात नाही. मराठीला अभिजात दर्जा केव्हा, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तो दर्जा दिला. एका प्रश्नाने तो मिळाला असे मी म्हणणार नाही. पण विषय विझू दिला नाही, हे प्रश्नांचे काम.

मग बडोद्याचा प्रश्न कोणता? ज्या गावात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, तेथे मराठी घरातले मूल आज मराठी वाचू शकते का? मी ज्या घरी उतरलो आहे तेथली नात माझ्याशी गोड मराठी बोलली. पुस्तक पुढे केले तेव्हा मात्र ते आजीकडे देऊन म्हणाली, "तूच वाच." हसू आले, पण रात्री झोप लागली नाही.

घटनेचे ३५०-अ कलम सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. ३५०-ब कलमाखाली त्यासाठी खास अधिकारी असतो आणि त्याचे अहवाल संसदेपुढे येतात. शाळा हा विषय राज्याचा म्हणून कोणी हात झटकील. पण अहवाल संसदेचा आहे, तो मागता येतो. बडोद्यात मराठीतून शिकण्याची सोय किती शाळांत आहे, किती मुले तिचा लाभ घेतात, अहवालात काय नोंदले आहे, असे तीन ओळींचे विचारणे पुरे.

कोणी म्हणेल, आमचा खासदार मराठी नव्हे. अहो, खासदार भाषेचा नसतो, मतदारसंघाचा असतो. बडोद्याचा खासदार तुमचाच आहे. त्याला गुजरातीत पत्र लिहा, त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याची भाषा उत्तम येते, हे तर तुमचे भूषण! मात्र पत्र मराठीसाठी लिहा. आणि घरी नातीला रोज पाच ओळी वाचायला लावा, कारण हे काम कोणत्याही मंत्र्याच्या उत्तराने होणार नाही.

तास संपला. गृहपाठ एवढाच: प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणावा. दीडशे शब्दांत, टोमण्याविना.