नेम धरण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपापल्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझं क्षेत्र म्हणजे बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर. त्यावर दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हा झोपायची तशी आजही झोपतील. मी विषय शोधत होते तेवढ्यात आपल्यातल्याच एका मैत्रिणीचा फोन आला. तिची मुलगी बारावीला आहे, पहाटे उठून भरतीची तयारी करते, आणि तिनं घरात जाहीर केलंय की मला स्नायपर व्हायचंय. मैत्रीण म्हणाली, "तुझा भाऊ त्यातच होता ना? तिला जरा समजावून सांग." आपल्याकडे 'समजावून सांग' म्हणजे 'नको म्हणायला लाव', हे मला कळतं. पण मी ठरवलं, खरंच समजावून सांगायचं. माय-लेकींची परवानगी घेतलीय, दोघी इथं समोर बसल्यात.

माझा भाऊ आपल्या मागे तीन वर्षं होता. पुष्कळांना तो गॅदरिंगमधल्या लेझीमच्या पथकामुळे आठवत असेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून परत आला, आता शेती बघतो. त्या सतरातली काही वर्षं तो स्नायपर होता. मी सांगतेय ते त्याच्याकडून ऐकलेलं आहे, काही वाचलेलं आहे. गणित तेवढं माझं.

आधी शब्दाचं सांगते, कारण तो मूळचा आपल्याकडचाच म्हणायला हवा. स्नाइप म्हणजे पाणलावा. हिवाळ्यात तळ्यांच्या, धरणांच्या चिखलकाठाला येणारा लांब चोचीचा पक्षी. मातीत बसला तर दोन पावलांवर असून दिसत नाही, आणि उठला की वेडावाकडा उडतो. १७७० च्या सुमारास हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी घरी पत्रं लिहायचे, त्यात पाणलाव्याच्या शिकारीला 'स्नायपिंग' म्हणायचे. ज्याला तो पक्षी टिपता आला तो स्नायपर. मला यात गंमत वाटते ती अशी, की आजच्या स्नायपरला आधी तो पक्षीच व्हावं लागतं. मातीत मिसळून बसणं हे पहिलं शिक्षण, गोळी फार पुढची.

आता या मुलीसाठी सरळ माहिती. स्नायपरची भरती नसते. भूदलात मुलगा आधी शिपाई होतो. आता अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी, आणि त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम राहतो. लेखी परीक्षा आधी ऑनलाइन होते, मग मैदान. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर पूर्ण साठ गुण. त्यानंतर बेळगावच्या केंद्रात प्रशिक्षण, मग पलटण. पलटणीतले वरिष्ठ दोन-तीन वर्षं बघतात की कोणाचा नेम चांगला आहे आणि, त्याहून महत्त्वाचं, कोणाचं डोकं थंड आहे. मग त्याला कोर्सला पाठवतात. इन्फन्ट्रीची मोठी शाळा महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी आहे.

मुलींना भूदलात शिपाई म्हणून आज फक्त मिलिटरी पोलिसात घेतात. त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी २०२१ च्या मे महिन्यात बंगळुरूला बाहेर पडली. एनडीएत २०२२ पासून मुली आहेत, पण इन्फन्ट्री त्यांच्यासाठी अजून उघडलेली नाही. म्हणजे तुझ्यासाठी दार बंद आहे का? एक उघडलंय. २०२४ च्या मार्चमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या सब-इन्स्पेक्टर सुमन कुमारी या दलातल्या पहिल्या महिला स्नायपर झाल्या. हिमाचलमधल्या मंडी जिल्ह्याच्या, २०२१ मध्ये दलात आलेल्या. पंजाबात सीमेवर प्लॅटून सांभाळताना पलीकडच्या स्नायपरचा धोका त्यांनी पाहिला आणि स्वतःहून कोर्ससाठी नाव दिलं. इंदूरला आठ आठवड्यांचं प्रशिक्षण, छप्पन पुरुषांत त्या एकट्या, आणि 'इन्स्ट्रक्टर' श्रेणी घेऊन बाहेर पडल्या. दलात येऊन तीन वर्षं झाल्यावर हे झालं. बारावीनंतर लगेच नाही.

तयारीबद्दल बोलायचं तर माझा भाऊ कोर्सला निवडला गेला तेव्हा महिनाभर सुट्टीवर आला होता, तो महिना मी पाहिलाय. सकाळी पाठीवर वीस किलो मातीची गोणी घेऊन जायकवाडीच्या कालव्याच्या रस्त्यानं चालायचा. पळायचा नाही, चालायचा. हे मला विचित्र वाटलं होतं. तो म्हणाला, "पळणं भरतीला लागतं ताई. पुढं वजन घेऊन रात्रभर चालायचं असतं, अन् पोचल्यावर हात थरथरायला नको."

दुपारी तो तुरीच्या शेतात जाऊन पडायचा. अंगावर तरटाच्या पट्ट्या शिवलेलं जुनं पोतं, त्यात तिथलंच गवत खोचलेलं. दोन तास, तीन तास, हालचाल नाही. मुंग्या चढायच्या. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, "पोराला काय झालंय का? परवापासून वावरात पडून असतंय." एक दिवस मला म्हणाला, तू लिंबाखाली बस आणि मी दिसतो का सांग. पाऊण तास मी डोळे ताणून बघत होते. शेवटी आवाज आला तो माझ्यापासून वीस पावलांवरून. "ताई, तू मोबाईल किती वेळा बघितलास सांगू का? अकरा." बघणं हे त्याचं काम होतं, लपणं त्या कामासाठी होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गाइडच्या तासाला बाई ताटात वीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर दाखवून वरून रुमाल टाकायच्या आणि आठवून लिहायला लावायच्या. तो खेळ किपलिंगच्या 'किम' या कादंबरीवरून आलाय, आणि जगभर स्नायपरच्या शाळांत अजून शिकवतात. बाई, तुम्हाला हे माहीत होतं का ठाऊक नाही. भावाच्या कोर्समध्ये वस्तू गवतात लपवलेल्या असायच्या आणि दुर्बिणीतून शोधून कागदावर काढायच्या. चित्रकलेच्या तासाला दांडी मारणाऱ्या या माणसाला डोंगराचं रेखाचित्र काढावं लागलं!

आणि सर, तुमचा एक तास. अंशाचे साठ मिनिटे. आपल्यातला प्रत्येक जण मनात म्हणाला होता, हे कुठं लागणार? हे इथं लागतं. बंदुकीच्या नळीचा कोन एका मिनिटानं चुकला तर १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटीमीटर बाजूला जाते. ८०० मीटरवर तोच फरक साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत. द्रागुनोव रायफलची गोळी सेकंदाला ८३० मीटरच्या वेगानं निघते, पण हवा तिला अडवत राहते, म्हणून ८०० मीटर जायला एक सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात चालणारा माणूस पुढं गेलेला असतो. पानं हलवणारा साधा वारा तिला मीटरभराहून जास्त ढकलतो. थंडीत दारू हळू जळते, गोळी खाली पडते. उंचावर हवा विरळ, गोळी वर जाते. हे सगळं गणित आता मोबाईल एवढं यंत्र करून देतं, तसं सॉफ्टवेअर मी आठवड्यात लिहून देईन. पण वारा किती हे त्याला कोण सांगणार? तो मधल्या सगळ्या अंतरात वेगवेगळा असतो आणि डोळ्यानंच वाचायचा असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या काळ्या रानावर मृगजळ हलताना दिसतं ना, ते ज्या बाजूला कलतं त्या बाजूला वारा. सरळ वर उकळल्यासारखं दिसलं तर वारा जवळजवळ नाही. परभणीच्या पोराला हे शिकवावं लागलं नाही, असं तो अजून कॉलर ताठ करून सांगतो.

आपल्या उन्हाचा त्याला अभिमान होता, पण उन्हानं सवय लागते ती उन्हाचीच. आपल्याकडे पारा पाच अंशांखाली गेला की पेपरात बातमी येते. तो ज्या ठाण्यावर होता तिथं बादलीतलं पाणी रोज गोठायचं. उंचावर सैनिकाला एकदम नेत नाहीत. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, पुढच्या टप्प्यावर चार, त्याच्या पुढे आणखी चार. कितीही पैलवान असला तरी हे चौदा दिवस सुटत नाहीत, कारण पाणी फुप्फुसात भरतं ते ताकद बघून भरत नाही. तो म्हणायचा, तिथं पहिली काळजी पायाची. मोजा ओला झाला की बदलायचा, ओला मोजा पोटाशी धरून वाळवायचा. धातूला उघडा हात लावायचा नाही. तहान लागत नाही तरी पाणी प्यायचं. आणि श्वास! थंडीत तोंडातून वाफ निघते आणि ती दुरून दिसते. १९३९-४० च्या लढाईत फिनलंडचा सिमो हायहा म्हणून प्रसिद्ध स्नायपर होता, तो वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. भावानं एकदा करून बघितलं. म्हणाला, दात गेले असते.

लघवीला कुठं जायचं, हा प्रश्न मुलीच्या आईनं मला हळूच विचारला. विचारायलाच हवा. उत्तर असं की जाता येत नाही, पडल्या जागीच सगळं. पुरुषांनाही. पाळीच्या दिवसांत काय, हे मी भावाला विचारू शकले नाही, त्याला ते माहीतही नसणार. हे तू, बाळा, वर्दीतल्या एखाद्या बाईला विचार, आणि न लाजता विचार. सोव्हिएत युनियनची ल्युदमिला पावलिचेंको १९४२ मध्ये अमेरिकेला गेली. तिच्या नावावर ३०९ शत्रू होते. तिथल्या पत्रकारांनी तिला गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीबद्दल आणि मेकअपबद्दल विचारलं. ऐंशी वर्षांत प्रश्न फार बदललेत असं मला वाटत नाही.

आता अवघड भाग. तो वगळून बोलले असते तर मैत्रिणीनं मला माफ केलं असतं, मुलीनं नाही.

तोफखान्यातल्या जवानाला गोळा कुणावर पडला ते दिसत नाही. स्नायपरला दुर्बिणीतून माणूस दिसतो. तो विडी पेटवताना दिसतो, हसताना दिसतो, कधी कधी तीन-तीन दिवस तोच दिसतो. माझ्या भावाला गावात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, किती मारले? तो विषय बदलतो. मलाही त्यानं सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदाच, आई गेली त्या वर्षी, रात्री अंगणात बसलो होतो तेव्हा तो आपण होऊन एवढंच बोलला, की दोन दिवस पडून होतो, हुकूम मिळाला होता, आणि त्या माणसाच्या शेजारी एक बारकं पोर येऊन बसलं. मग? म्हणलं, दिसत नाही, धुकं आहे. सोबत्यानंही वर तेच कळवलं. "धुकं नव्हतं," तो म्हणाला, आणि उठून गोठ्यात गेला.

हे ऐकून तुम्ही त्याला चांगला सैनिक म्हणाल की वाईट, मला माहीत नाही. त्याच्या जागी शिस्तीनं बोट दाबणाराही असतो आणि पलटणीला तोही लागतो. मी एवढंच बघितलंय की तो आजही फटाक्यांना बिचकत नाही, पण लहान मूल रडायला लागलं की घराबाहेर पडतो. भरतीच्या क्लासमध्ये, रीळमध्ये, सिनेमात हे नसतं. तिथं काळा चष्मा असतो आणि एक गोळी एक माणूस.

तेव्हा मैत्रिणी, तुझी मुलगी बंदुकीला घाबरत नाही याची काळजी करू नकोस. आणि बाळा, आईला नेमबाजीचे व्हिडिओ दाखवून पटवू नकोस, ती त्याला घाबरतच नाहीये. तुम्ही दोघी ज्यावर भांडताय ते यातलं सगळ्यात सोपं आहे. तू आधी पदवी घे, धावणं चालू ठेव, जमलं तर एनसीसीत जा. तिथं पॉइंट टू टूची रायफल हातात मिळते आणि पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसवायला किती वेळ लागतो ते कळतं. आणि रोज अर्धा तास फोन घरात ठेवून गच्चीवर बस. फक्त बघ आणि रात्री लिहून काढ काय बघितलंस. हे महिनाभर जमलं नाही, तर बाकीच्याचा विचार करायचं कारण नाही.

माझा भाऊ आज आलाय, मंडपात शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसलाय. वरण-वांग्याची पंगत उठली की तो मोकळा आहे. पायमोजे, वजन, वारा, थंडी, काय वाटेल ते विचारा. आकडा विचारू नका.