पुडीत काय आहे?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



केनवडला वर्गात मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची हकीकत सांगत होतो. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. सोलापूरचे कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर त्यांत होते. एका मुलीने विचारले, "सर, तिकडे साखरेच्या बिमारीला काय देतात?" मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचून काढले. प्रश्न माझ्या घरातलाही होता.

चिनी वैद्य या रोगाला 'शियाओके' म्हणतात, म्हणजे झिजणे आणि तहान. त्याच नावाची गोळी तिथे मिळते. तीत मक्याच्या कणसाचे केस आहेत, काही मुळ्या आहेत, आणि ग्लायबेनक्लामाईडही आहे! साखर उतरवायला आपले डॉक्टर वर्षानुवर्षे देत आले तेच औषध. दहा गोळ्यांत अडीच मिलिग्रॅम. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ही गोळी नुसत्या ग्लायबेनक्लामाईडइतकीच उपयोगी ठरली, आणि साखर एकदम घसरण्याचे प्रसंग कमी आले. म्हणजे जडीबुटीला मी हसत नाही. पण तिथे औषधाचे माप ठरलेले होते. २००९ साली शिनच्यांगमध्ये मधुमेहाच्या बनावट देशी औषधाने दोन माणसे दगावली. त्यात हेच ग्लायबेनक्लामाईड बेसुमार घातलेले होते.

आता माझ्या मामूंचे ऐका. डॉक्टरांची गोळी चालू होतीच. बाजारातून कोणी 'शुद्ध वनस्पतीची' पुडी आणून दिली, तीही सुरू केली. आठ दिवसांनी पहाटे अंग घामाने भिजले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध. मामी म्हणाल्या, नजर लागली. शुद्ध होती म्हणून साखरेचे पाणी पाजता आले, आणि तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पुडी उलटसुलट पाहिली. "यात काय आहे?" कागदावर फक्त एका झाडाचे चित्र होते. आम्ही सगळे गप्प.

पालकहो, असे झाले तर माणूस शुद्धीवर असताना साखर किंवा सरबत द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. बरे वाटले तरी दवाखाना टाळू नका, कारण या औषधाचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. आणि ज्या लेकरांचे शरीर इन्शुलिन बनवतच नाही, त्यांची सुई कोणाच्याही पुडीसाठी एक दिवससुद्धा बंद करू नका. १९२२ पूर्वी, इन्शुलिन नव्हते तेव्हा, अशी मुले वाचत नसत.

मामू आजही कारले खातात, मेथीचे पाणी पितात. फरक इतकाच, की दवाखान्यात जाताना मामी त्यांच्या खाण्यापिण्याची सगळी यादी माझ्याकडून कागदावर लिहून घेतात. मागच्या खेपेला त्यात जांभळाच्या बियांची भुकटी निघाली. मामूंनी ती आम्हालाही सांगितली नव्हती.