बिल्ल्याचा रंग

संगणकाच्या प्रणाली लिहिणारी पुष्कळ मंडळी हल्ली आपलं काम चारचौघांना बघता यावं म्हणून उघड्यावर मांडतात. गिटहब हे त्यांचं मोठं आवार. तिथं एखाद्या प्रणालीचं पान उघडलं की नावाखाली दोन-चार आडव्या पट्ट्या दिसतात, नखाएवढ्या. पट्टीचा डावा भाग करडा, उजवा रंगीत. डावीकडे 'आवृत्ती' अशा अर्थाचा शब्द असतो, उजवीकडे आकडा. ही मंडळी त्याला बॅज म्हणतात. मला बिल्ला हा शब्द बरा वाटतो. रेल्वे स्टेशनवर हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला पाहून आपण ट्रंक त्याच्या डोक्यावर देतो. त्याचं नाव-गाव विचारत बसत नाही. या पट्टीचं कामही तेच. परक्या माणसानं केलेली वस्तू आपल्या घरात घ्यावी की नाही, हे येणाऱ्याला घाईघाईत ठरवायचं असतं, आणि आकडा वाचून होण्याआधीच रंग त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

तेव्हा हा रंग कोणता असावा आणि तो कोणी ठरवावा, हा आजचा विषय. वाटतो तेवढा किरकोळ नाही.

माझा भाचा पुण्यात याच व्यवसायात आहे. त्यानं फावल्या वेळात एक छोटी प्रणाली लिहिली. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर ती युनिकोडमध्ये आणून देते. ज्यांची पुस्तकं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवली गेली, त्यांना या कामाचं मोल कळेल. त्या काळी प्रत्येक फॉन्टची बाराखडी वेगळी. आज तीच फाईल उघडली तर अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग दिसते. माझे दोन कवितासंग्रह अशा मुंग्यांच्या ताब्यात आहेत. भाच्याची आवृत्ती ०.७ तयार झाली तेव्हा त्याचा फोन आला.

"मामू, तुम्ही कवी माणूस. बिल्ल्याला रंग कोणता देऊ? मला हिरवा आवडतो."

"नीट चालते का रे?"

"चालते. फक्त 'ऱ्य'चा कधीकधी 'र्य' होतो."

आता हे 'फक्त' बघा. मराठीत आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना पानं किती ते सांगायचं असतं. दर्या एक असतो, दऱ्या अनेक. उद्या एखाद्या वाचनालयाचा ग्रंथपाल हिरवा बिल्ला पाहून निर्धास्त होणार, जुन्या स्मरणिकेची एकुलती एक फाईल या प्रणालीतून काढणार, आणि आता गरज काय म्हणून मूळ फाईल पुसून टाकणार. पुढं त्या स्मरणिकेतले आचारी कायमचे आचार्य झालेले. दुरुस्त कशावरून करायचं?

वास्तविक आकडाच हे सांगत होता. आवृत्तीचे आकडे कसे द्यावेत याचा एक नियम या लोकांत रूढ आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहिला. टिंबांनी वेगळे केलेले तीन आकडे. पहिला बदलला की समजायचं, जुन्या सवयी मोडणार. दुसरा बदलला की काही नवं आलं. तिसरा बदलला की नुसती डागडुजी झाली. आणि पहिला आकडा शून्य असेल तर अजून पाया भरणं चालू आहे, काहीही केव्हाही बदलेल. ज्याला नियम माहीत आहे त्याला ०.७ या एवढ्यात सगळं कळतं. वाचनालयाच्या ग्रंथपालाला तो कशाला माहीत असेल? त्याच्यासाठी रंग.

हे बिल्ले काढून देणारी शिल्ड्‌स नावाची एक सेवा आहे. तिचा पायंडा मला आवडला. आवृत्ती शून्यानं सुरू होत असेल, किंवा तिच्या शेपटीला अल्फा, बीटा असं काही असेल, तर बिल्ला नारिंगी. एरवी निळा. हिरवा नाहीच! हिरवा दिसतो तो शेजारच्या बिल्ल्यावर, जिथं चाचण्या पार पडल्याची नोंद असते. मला यात शहाणपण दिसतं. चाचणी पार पडली ही घटना आहे, तिला हिरवा द्यायला हरकत नाही. आवृत्ती हा नुसता पत्ता. निळा रंग पत्ता सांगतो, शाबासकी देत नाही.

मी भाच्याला नारिंगी सुचवला. तो हिरमुसला. "मामू, नारिंगी पाहून लोक येणारच नाहीत." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. काही येणार नाहीत. पण जे येतील ते मूळ फाईल जपून ठेवून येतील, चूक सापडली तर कळवतील. शून्याच्या आवृत्तीला अशीच माणसं लागतात. हिरव्यावर भुलून आलेला माणूस एकदा पोळला की पुढं १.० आली तरी फिरकत नाही.

बरं, हिरव्याबद्दल मी बोललो की ऐकणारे जरा सावरून बसतात. आमच्या नावांमुळं हा रंग आमच्या खात्यावर आपोआप जमा होतो आणि नारिंगी दुसऱ्या कुणाच्या. इथं मी स्वतःहून हिरवा नाकारून नारिंगी मागतोय, याची नोंद घ्यावी.

हिरवा म्हणजे 'जा', हे तरी कुठं पहिल्यापासून होतं? कामाला मंजुरी मिळाली की आपण 'हिरवा कंदील मिळाला' म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रेल्वेत मोकळ्या मार्गाचा दिवा पांढरा होता आणि हिरवा म्हणजे 'जपून'. पांढऱ्यात धोका असा, की लाल काच फुटली तर आतला दिवा पांढरा दिसायचा. 'थांबा'चं 'या' व्हायचं. पुढं पांढरा गेला आणि हिरवा त्याच्या जागी बसला. बिल्ल्याचा रंग ठरवतानाही हेच पाहावं लागतं: यंत्रणा बिघडली तर कोणता रंग दिसेल? बिल्ला काढणाऱ्या सेवेला आवृत्तीची माहितीच मिळाली नाही, तर पट्टीनं करडं व्हावं. कालचा निळा घालून बसू नये.

आपल्या शेतकऱ्याला हिरव्याची आणखी एक ओळख आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवासुद्धा विषच, इतरांहून सौम्य एवढंच. ज्याला ही उतरंड कुणी सांगितली नाही, तो हिरवा पाहून हातमोजे काढून ठेवील. रंगाचा अर्थ रंगात नसतो, शेजारच्या रंगांत असतो. म्हणून एकटा रंग निवडता येत नाही, पूर्ण रांग ठरवावी लागते.

रांग ठरली तरी प्रत्येकाला रंग लावणार कोण? महाराष्ट्रात १९९९च्या १ मेपासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याहून वर पांढरी. बघता बघता रंग हेच कुटुंबाचं नाव झालं. 'ते पिवळ्या कार्डवाले' असं आपण म्हणू लागलो. एखाद्या घरातला कमावता हात गेला तरी कार्ड केशरीच राही, कारण रंग बदलायचा तर कचेरीत खेटे घालावे लागत. संगणकाच्या बिल्ल्याला ही सक्ती नाही. तो प्रत्यक्ष नोंद पाहून पुन्हापुन्हा काढता येतो. म्हणून रंग हातानं लावूच नये, असं माझं मत आहे. हातानं लावणारा हा त्या प्रणालीचा बाप असतो, आणि बापाला आपलं पोर कायमच हिरवंगार दिसतं.

आता ज्यांना हे रंग दिसतच नाहीत त्यांच्याविषयी. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे आठ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग त्यांतलेच, आणि फेसबुक निळं असण्याचं कारण त्यांनी हेच सांगितलं होतं. अशा माणसापुढं हिरवा 'चालू' आणि लाल 'बंद' असे दोन बिल्ले ठेवले तर त्याला दोन मातकट पट्ट्या दिसतील. संकेतस्थळांसाठी २००८ साली आलेल्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की माहिती केवळ रंगानं सांगू नये. आपल्याकडे खाद्यपदार्थांच्या पुड्यांवर हिरवा ठिपका शाकाहारी आणि तपकिरी ठिपका मांसाहारी, असं वर्षानुवर्षं होतं. २०२०च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. आता रंग कळला नाही तरी आकार कळतो. बिल्ल्यात आकाराला जागा नाही, तिथं शब्द हवा. आणि तो वाचता यायला हवा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं घालणाऱ्यांचा हेतू मला कधी समजला नाही.

लाल मात्र राखून ठेवावा. बीटाला लाल, जुन्याला लाल, चाचणी फसली तरी लाल, असं केलं की खरी वेळ येते तेव्हा हाताशी रंग उरत नाही. खरी वेळ म्हणजे देखभाल संपते ती. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. त्यानंतर नवी भगदाडं बुजवण्याची नेहमीची सोय राहिली नाही. तरी आपल्याकडची कित्येक एटीएम यंत्रं तीवरच चालत होती, आणि जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढून जून २०१९ पर्यंतची मुदत द्यावी लागली. त्या यंत्रांपुढं रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्याला बाहेरून काय दिसत होतं? बँकेचा रंग.

भाच्यानं शेवटी चार रंग घेतले: नारिंगी, निळा, लाल, करडा. शब्दांवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. लाल पट्टीवर त्यानं 'जुनी' लिहिलं होतं, ते मी बदलायला लावलं. जुनं असणं हा काही दोष नव्हे. 'देखभाल बंद' लिही म्हटलं. नारिंगीवर त्याला 'प्रायोगिक' हवं आहे, मला 'कच्ची'. तो म्हणतो, कच्ची म्हटलं की अपमान वाटतो. मी म्हटलं, कैरीला विचार.